‘येथे सर्व कुशल’ : विल्फ्रेड ओवेनची पत्रे

सैनिकाच्या पत्रात लिहिलेले जितके वाचायचे, तितकेच न लिहिलेलेही वाचायचे असते. हे मी विद्यापीठात शिकलो नाही. १९८७-८८ साली शेजारच्या काकींचा मुलगा शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होता. काकींना अक्षरओळख नव्हती. पत्र वाचण्याचे काम शाळकरी माझ्याकडे असे. ‘येथे सर्व कुशल’ एवढे वाचले की त्या म्हणत, ‘‘परत वाच बघू.’’

पुढे एम.ए.ला ओवेनच्या कविता अभ्यासल्या. पत्रे मात्र उशिरा हाती आली. पहिल्या महायुद्धातील हा तरुण इंग्रज अधिकारी. त्याची पत्रे १९६७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेक आईला, सुसानला, लिहिलेली आहेत. अधिकारी या नात्याने तो शिपायांची पत्रे तपाशी. स्वतः मात्र आईशी ठरलेला एक सांकेतिक शब्द लिहून पुढच्या ओळींतील अक्षरांतून आपला ठावठिकाणा कळवी.

समीक्षक ही पत्रे कवितांचा कच्चा माल समजतात. मला ते पटत नाही. जानेवारी १९१७च्या एका पत्रात पाण्याने भरत चाललेल्या खंदकातील तळघराचे वर्णन आहे. स्फोटाने खाली फेकला गेलेला पहारेकरी बहुधा आंधळा झाला, हे तो एका वाक्यात उरकतो. १९१८ साली पूर्ण केलेल्या ‘द सेंट्री’ या कवितेत तेच डोळे त्याचा पाठलाग करतात. कविता जगासाठी होती, तिला सगळे सांगता आले. पत्र आईसाठी होते. ते वाक्य आखूड राहिले ते प्रतिभा कमी पडली म्हणून नव्हे, माया आडवी आली म्हणून.

३१ ऑक्टोबर १९१८चे शेवटचे पत्र तर धूर, ओली लाकडे, बटाटे सोलणारा शिपाई आणि सोबत्यांचे हसणे यांनीच भरले आहे. ४ नोव्हेंबरला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो मारला गेला. तार घरी पोचली ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना.

या संग्रहाचा दोष एकच. भाऊ हॅरॉल्ड याने प्रकाशनापूर्वी कित्येक ठिकाणचा मजकूर शाईने खोडला. अभ्यासक म्हणून मला त्याचा राग येतो. पण तो फार वेळ टिकत नाही. काकींच्या मुलाने एकदा सोबती गेल्याचे चार ओळींत लिहिले होते. त्या ओळी मी गाळल्या. दुसऱ्यांदा वाचतानाही गाळल्या. काकींनी कागद हातात घेतला, बोट फिरवले आणि म्हणाल्या, ‘‘वळी जास्त दिसत्यात की रे, वाचलास कमी!’’

मुलगा सुखरूप परतला. त्या ओळी मात्र मी त्यांना कधीच वाचून दाखवल्या नाहीत. वाचकहो, आपल्या ट्रंकांत अशी पत्रे असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पूर्ण वाचावीत.