उघड्यावरचा खून

इटालीत १९२९ पासून मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने रहस्यकथांची स्वस्त पुस्तके पिवळ्या वेष्टनात काढली. पिवळ्याला तिकडे ‘जाल्लो’ म्हणतात. पुढे खुनांच्या चित्रपटांनाही तेच नाव पडले. मारिओ बावाच्या १९६४ च्या ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ने त्यांचा साचा पक्का केला : चेहरा झाकलेला खुनी, काळे हातमोजे आणि एकामागून एक मारल्या जाणाऱ्या देखण्या बायका. थोड्या पैशांत, घाईने काढलेले हे चित्रपट. प्रस्थापित समीक्षा असल्या मालाला बाजारू म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवते. उंबऱ्याबाहेर काय असते ते मी घरातला पहिला पदवीधर होण्याच्या आधीपासून ओळखतो. म्हणून मी हे चित्रपट पाहिले.

बरेचसे टाकाऊच निघाले. पण लुचिओ फुल्चीचा १९७२ चा ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’ मनातून जात नाही.

दक्षिण इटालीतल्या एका डोंगरी खेड्यात लहान मुलांचे खून होतात. संशय कोणावर जातो? आधी गावातल्या एका खुळ्यावर, मग गावाबाहेर एकटी राहणाऱ्या बाईवर. तिला सगळे ‘माचारा’ म्हणतात. हा तिकडच्या बोलीतला चेटकिणीसाठीचा शब्द. गावाने बाईला नाव ठेवलेलेच नाही, फक्त शिवी ठेवली आहे. तिच्या मेलेल्या तान्ह्या बाळाची पुरलेली जागा त्या मुलांनी उकरली, म्हणून ती मातीच्या बाहुल्यांना सुया टोचते. पोलिसांपुढे ती खून कबूलही करते, कारण आपल्या शापानेच पोरे मेली असे तिला मनापासून वाटते. गावाने दिलेली ओळख माणसाच्या आत कुठवर उतरते, हे दाखवायला फुल्चीला भाषण लागत नाही.

ती निर्दोष ठरते. पोलीस तिला सोडतात. कायद्याने सोडले तरी गाव सोडत नाही. स्मशानात पुरुष तिला साखळ्यांनी झोडपतात आणि रेडिओवर ओर्नेला वानोनीचे प्रेमगीत चालू असते. रक्तबंबाळ बाई सरपटत हमरस्त्यापर्यंत येते. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांच्या मोटारी थांबत नाहीत. नवा रस्ता आला, नवी माणुसकी आली नाही.

खरा खुनी निघतो तो गावाचा लाडका तरुण पाद्री. मुलांबरोबर फुटबॉल खेळणारा. पोरे मोठी होऊन पापात पडू नयेत म्हणून तो त्यांना मारतो. शुद्धतेचा ध्यास किती जीव घेतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

माझा आक्षेपही आहे. तिच्या जखमा कॅमेरा इतक्या जवळून न्याहाळतो की करुणा कुठे संपते आणि चव घेणे कुठे सुरू होते ते कळत नाही. बाईच्या देहाची ही भूक या सबंध प्रकारातच आहे. फुल्ची तिच्यातून सुटलेला नाही.

तरीही एक गोष्ट त्याच्या हातून घडून गेली आहे. रहस्यपटाचा प्रश्न असतो, खुनी कोण? मुलांच्या बाबतीत तो शेवटपर्यंत ताणला जातो. माचाराच्या बाबतीत तो उभाच राहत नाही. तिला कोणी मारले ते प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. खून उघड्यावर झाला आणि मेलेले माणूस गावाबाहेरचे असले, की त्याचे रहस्य होत नाही. ज्याचे रहस्य होत नाही त्याचा शोधही होत नाही. पिवळ्या वेष्टनातल्या या स्वस्त मालाने साहित्यापुढे ठेवलेला प्रश्न मला मोलाचा वाटतो : आपण कोणाच्या मरणाला कथानक मानतो?