जर-तरची गोष्ट

गेल्या दिवाळीत मुलुंडला एका स्नेह्यांकडे फराळाला बसलो असता नेहमीचा वाद निघाला. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. तेच पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत गेले असते तर? यजमान म्हणाले, "तर १९५७ साली उत्तर मुंबईतून कृष्ण मेनन निवडून आलेच नसते!" सर्वांनी माना डोलावल्या. मला मात्र ही गोष्ट कच्ची वाटली.

जर-तरचे लेखन म्हणजे मनोराज्य नव्हे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पाहावी. तीत मूळ फरक एवढाच, की विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निसटते. पुढचा सारा निराळा इतिहास त्या एका गोळीतून निघतो. माणसे तीच, प्रसंग निराळा, हे या प्रकाराचे पथ्य.

यजमानांनी प्रसंग तसाच ठेवून माणूसच बदलला होता. देशमुख आय.सी.एस. अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. न पटणारे पद सोडणे त्यांच्या स्वभावात होते, मोर्चा नेणे नव्हते. राजीनाम्यानंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम पत्करले, ते त्या स्वभावाला धरूनच. शिवाय समिती एका मागणीसाठी जमलेली. १ मे १९६० रोजी ती मागणी पुरी झाली आणि मोट सुटली. मग २ मे रोजी चिंतामणराव कुठे उभे असते? याचे उत्तर न देणारा कथाकार निवडणूक जिंकतो, पण गोष्ट हरतो.

खरा 'जर' इतिहासानेच पुढे ठेवला आहे. १९६९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, देशमुख स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि तिसरे आले. मोर्चापासून दूर राहिलेला माणूस या लढतीत का उतरला, इथून कथा सुरू व्हावी.

मग आपल्याला समितीतलेच देशमुख का हवे असतात? आपल्या लढ्यावर एखाद्या थोराची मोहोर उमटावी म्हणून, असे मला वाटते. पण तो लढा हुतात्म्यांनी आणि पायी चाललेल्या साध्या माणसांनी जिंकला. यजमानांचे वडील तेव्हा घाटकोपरहून मोर्चाला जात. मी त्यांच्याविषयी विचारले, तेव्हा यजमान क्षणभर गप्प झाले. मग आतून एक जुना फोटो घेऊन आले. त्या गोष्टीला 'जर' लागत नाही. ती फक्त कुणी लिहिलेली नाही.