‘मोकळी जमीन’ आणि आपले साहित्य

गेल्या वर्षी एका मध्यम शहराच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत प्रेक्षकांच्या सज्जात बसण्याचा योग आला. शहराचे नाव सांगत नाही. सांगून काही साधणारही नाही, कारण हाच विषय दुसऱ्या कुठल्याही शहराच्या कार्यक्रमपत्रिकेवर सापडेल. पालिकेच्या मालकीच्या एका मोकळ्या भूखंडाची निवासी प्रयोजनार्थ लिलावाने विल्हेवाट लावणेबाबत, असा तो विषय होता. चिटणीसांनी तो वाचला, दोन सदस्य बोलले, एकाने ‘उत्पन्नाचे साधन’ असे काहीसे म्हटले, आणि विषय मंजूर झाला. फार तर सात मिनिटे लागली असतील. मी मात्र ‘विल्हेवाट’ या शब्दापाशीच अडकून पडलो होतो.

विल्हेवाट आपण कचऱ्याची लावतो, गेलेल्या माणसाच्या मागे उरलेल्या सामानाची लावतो. रहस्यकथांत प्रेताची लावतात. पालिकेने हा शब्द काही दुष्टाव्याने योजला नव्हता. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचे ७९ वे कलम नेमके याच कामाचे आहे, आणि कचेरीच्या मराठीत या कामाला हाच शब्द रूढ आहे. दुसरा शब्द ‘मोकळा’. त्या मैदानावर गुरुवारचा बाजार भरतो, संध्याकाळी पोरे क्रिकेट खेळतात, भाद्रपदात मांडव पडतो. ते मोकळे असे मी तरी कधी पाहिलेले नाही. मोकळे म्हणजे इतकेच, की तिथे जे चालते त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

आपल्या जुन्या शब्दांकडे पाहावे. गायरान, गुरचरण, खळवाडी, पाणवठा : या प्रत्येक शब्दात जागा आणि तिचा उपयोग यांची गाठ मारलेली आहे. गायरान म्हटले की गाय आली आणि तिच्यामागून गुराखीही आला. ‘भूखंड’ या शब्दात कोणीच येत नाही. त्यात चतुःसीमा आहे, क्षेत्रफळ आहे, आणि विकता येण्याची सोय आहे. लोकांना हे समीक्षकांच्या आधी कळले असले पाहिजे. ‘भूखंडाचे श्रीखंड’ हा वाक्प्रचार साहित्यिकांनी नव्हे, राजकारणातल्या भांडणांनी मराठीला दिला, आणि तो आपल्या पुष्कळ सामाजिक कादंबऱ्यांहून अधिक टिकेल अशी मला धास्ती वाटते.

शब्दाच्या अर्थाचा प्रश्न किती मोठा असू शकतो, याचे मुंबईइतके ढळढळीत उदाहरण दुसरे नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते. संप चिघळला आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्याच नाहीत. त्यांच्याखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती, काही खासगी मालकांची, काही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवले, की ही जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग उद्याने व मैदाने यांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यावा, आणि उरलेला मालकाने घ्यावा. २००१ मध्ये नियम दुरुस्त झाला. वाटणी करायची ती ‘मोकळ्या जमिनी’चीच, आणि मोकळी म्हणजे आधीपासूनच बांधकाम नसलेली, गिरणी पाडल्यावर मोकळी होईल ती या हिशेबात नाही. बस, एवढेच. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. एका विशेषणाच्या अर्थावर मुंबईची मैदाने आणि गरिबांची घरे आक्रसली. काव्यातल्या एका प्रतिमेच्या अर्थावरून वर्षभर वाद घालणारे आम्ही लोक त्या पाच वर्षांत कुठे होतो?

साहित्याने गिरणगावाकडे पाठ फिरवली असे मात्र म्हणता येणार नाही. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यातल्या धुरी कुटुंबाची खोली मराठी प्रेक्षकाच्या मनातून आता पुसली जाणार नाही. संपानंतर माणसे कशी सुटी होत जातात, एकमेकांवर कशी ओरबाडून उठतात, हे पवारांनी ज्या निर्दय मायेने दाखवले तिला तोड नाही. तरीही माझी एक तक्रार उरते, आणि ती एकट्या पवारांविरुद्ध नाही. ‘बटाट्याची चाळ’पासून (१९५८) आपले साहित्य चाळीच्या खोलीत शिरले ते तिथेच रमले. खोली, गॅलरी, सामाईक नळ यांचे आपण सूक्ष्म चित्रण केले. पण खोलीखालची जमीन कोणाची, ती कोणी कोणाला कोणत्या कागदावर दिली, हे नाट्यवस्तू होऊ शकते असे आपल्याला वाटलेच नाही. आपल्याकडे शोकांतिका घरात घडते. ज्या सभागृहात तिचा मसुदा मंजूर होतो, तिथे माझ्या वाचनातला एकही मराठी लेखक पुरता प्रकरणभर बसलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, की ठरावात कसले आले नाट्य? मला तर त्यात ऐन गाभ्याचा पेच दिसतो. पुन्हा ते ७९ वे कलम घ्या. पालिकेने जमीन चालू बाजारभावापेक्षा कमी किमतीला देऊ नये, असे ते बजावते. हेतू सरळ आहे : नगरसेवकाने मेहुण्याला मैदान कवडीमोलाने देऊ नये. पण परिणाम पाहा. सर्वांत मोठी बोली ज्याची, जमीन त्याची. आणि तेवढे पैसे मोजणारा त्यावर बांधणार ती सर्वांत महाग घरे. म्हणजे लोकांची जमीन प्रामाणिकपणे विकली, तर तिच्यावर त्या लोकांना राहता येत नाही. आणि त्यांना राहता यावे म्हणून स्वस्तात द्यावी, तर मेहुणा दाराशी उभाच. इथे खलपुरुष नसला तरी चालतो. असा पेच हाती आल्यावर ग्रीक नाटककाराने आणखी काय मागितले असते?

सिडकोचे उदाहरण तर महाकादंबरीच्या ऐवजाचे आहे. १९७० मध्ये ही कंपनी स्थापन झाली. ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन घ्यायची, विकसित करून विकायची, आणि त्या पैशातून नवे शहर उभे करायचे, अशी योजना होती. शहर उभे राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मूळच्या आगरी-कोळी माणसाला जमिनीचा जो मोबदला मिळाला आणि तीच जमीन पुढे ज्या भावाने गेली, त्यांतली तफावत अशी होती, की जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण प्राणाला मुकले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. यावर आगरी बोलीत गाणी आहेत, पोवाडे आहेत. प्रमाण मराठीत तोलामोलाची कादंबरी? कोणी दाखवली तर मी आनंदाने माझे शब्द मागे घेईन.

आता एक कबुली दिली पाहिजे. हे मी ज्या टेबलाशी बसून लिहितो आहे, ते टेबल एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि ती संस्था पालिकेच्या जमिनीवर उभी आहे. माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांनी अर्ज केला, सवलतीचा भाडेपट्टा झाला, शिक्षक आणि कारकून घरवाले झाले. त्याआधी तिथे काय होते, असे मी लहानपणी आईला विचारले होते. ‘काही नव्हतं रे, मोकळंच होतं,’ असे ती म्हणाली. पुढे शेजारच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या धोब्याने सांगितले, की तिथे त्यांचे कपडे वाळत घालायचे दोर असत.

तेव्हा सार्वजनिक जमिनीवर घरेच बांधू नयेत, असे म्हणायला माझे तोंड नाही. ती कोणासाठी, कोणत्या अटीवर, किती वर्षांसाठी, आणि विकून की भाड्याने, हे प्रश्न विचारण्याचे मात्र आहे. वडिलांच्या वेळच्या ठरावाची प्रत मी अलीकडे पालिकेच्या अभिलेख कक्षातून मिळवली. दीड पानाचा कागद आहे. बारा अर्जदारांची नावे, त्यांचे पगार, भाड्याचा दर. धोब्यांचा उल्लेख नाही. पण तिसऱ्या परिच्छेदात एका सदस्याने विरोध नोंदवला आहे. त्याचे भाषण टिपणाऱ्याने एका ओळीत गुंडाळले आहे, आणि तो काय बोलला असेल याचा विचार मी गेले चार महिने करतो आहे.