मुक्या पानाआधी कोण बोललं?

मंडळी, आपण मुळशीत बसलोय, तेव्हा उदाहरण इथलंच घेऊ. समजा, मुळशी धरणावर चित्रकथा काढायची आहे. पहिल्याच पानावर नुसतं पाणी आणि धुकं, शब्द एकही नाही. दिसेल छान, पण ते पर्यटनाचं पोस्टर होईल.

शि. द. फडणीसांची हास्यचित्रं शब्दांवाचून पुरी होतात, कारण अख्खा प्रसंग त्या एका चित्रातच असतो. चित्रकथेतल्या मुक्या पानाचं तसं नाही. त्याचा अर्थ मागच्या पानांवर ठरतो. १९२१ साली सेनापती बापटांसोबत इथले मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रहाला उतरले. ती माणसं, त्यांचं बोलणं, भांडणं आधीच्या पानांवर आली, की मग त्याच पाण्यापाशी आपण थांबतो. हे आवाज गेले कुठे, असं वाटतं. ओरिजित सेन यांनी ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’मध्ये (१९९४) नर्मदेची कथा सांगताना आदिवासी गायकाला गायला लावलं, ते आम्हाला म्हणूनच मोलाचं वाटतं.

कमी शब्द म्हणजे चांगलं लेखन, असं आपण सरसकट धरू नये. इथे शब्द गाळलेत की माणसं, एवढं दर वेळी विचारू या.