दोन पावलं आणि एक रेशमी पट्टा

आर्थर राजाच्या गोष्टी मुलांसाठी सोप्या करून सांगताना एक गोष्ट हमखास गळते: नाइटांची फजिती. दगडात रुतलेली तलवार राहते, गोलमेज राहतं, चिलखतं चकाकत राहतात. मध्ययुगातले मूळ रोमान्स, म्हणजे नाइटांच्या साहसकथा, मात्र या फजितीवरच उभे आहेत.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच कवी क्रेतिअँ द त्र्वा याने लान्सलॉटची कथा रचली. आर्थरची राणी ग्विनिव्हिअर हिला पळवून नेलंय, तिच्यावर प्रेम करणारा लान्सलॉट तिच्या शोधात आहे, घोडा मेलाय. वाटेत एक बुटका गाडीवान भेटतो. गाडीत बस, उद्या राणीचा ठावठिकाणा कळेल, म्हणतो. पण ती गाडी गुन्हेगारांची धिंड काढायची. तिच्यात बसला त्याची अब्रू गेली. लान्सलॉट बसतो, पण दोन पावलं घुटमळून. पुढे जिवावर उदार होऊन तो राणीपर्यंत पोचतो, तर ती तोंड फिरवते. त्याला वाटतं, गाडीत बसलो म्हणून. नंतर कळतं, राग आहे तो त्या दोन पावलांचा! कवी इथे प्रेमधर्माची थट्टा करतो की त्याच्यापुढे मान लववतो, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मला तो दोन्ही करताना दिसतो. याच कवीचा दुसरा नाइट इव्हँ बायकोकडून वर्षभराची मुदत घेऊन शौर्य गाजवायला निघतो आणि मुदत चक्क विसरतो. ती निरोप धाडून अंगठी परत मागवते, तेव्हा हा वेडा होऊन रानात उघडा हिंडतो. पराक्रमाची नशाच इथे दोष ठरते.

तेराव्या शतकातल्या ग्रेलच्या, म्हणजे पवित्र पात्राच्या शोधाच्या, कथांनी यावर उतारा म्हणून निष्कलंक गॅलहॅड आणला. खरं सांगायचं तर तो कंटाळवाणा आहे. त्याच कथांत ग्रेल समोर आलेला असताना अर्धवट झोपेत जागचा न हललेला लान्सलॉट अधिक लक्षात राहतो.

टॉमस मॅलरीने हा सगळा पसारा इंग्रजी गद्यात आणला. 1469-70च्या सुमारास, कैदेत असताना, त्याने ग्रंथ पुरा केला आणि 1485 साली मुद्रक कॅक्स्टनने तो छापला. मॅलरीकडे चूक छोटी राहत नाही. जाळण्याची शिक्षा झालेल्या राणीला चितेवरून सोडवताना लान्सलॉटच्या हातून गर्दीतला निःशस्त्र गॅरेथ मारला जातो. त्याला नाइट केलं होतं लान्सलॉटनेच. गॅरेथचा भाऊ गावेन सुडाने पेटतो आणि राज्याची वाट लागते. मॅलरी हे फार ताकदीने सांगतो, पण त्याच्या प्रचंड पटावर माणसाच्या मनातली एखादी घटका नीट पाहायला उसंत मिळत नाही.

ती उसंत मिळते चौदाव्या शतकाच्या अखेरच्या, अनाम कवीच्या ‘सर गावेन अँड द ग्रीन नाइट’मध्ये. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. 1731 साली लंडनमध्ये ती ज्या संग्रहात होती त्याला आग लागली, त्यातून ही वाचली. नाताळच्या दिवसांत हिरवा नाइट आर्थरच्या दरबारात येतो: माझं मुंडकं उडव, आणि एक वर्ष एक दिवसाने माझा घाव सोस. गावेन पैज घेतो, मुंडकं उडवतो, तरी हिरवा नाइट जिवंतच राहतो. घाव सोसायला जाताना तो एका गढीत उतरतो. यजमानाशी करार होतो, दिवसभरात ज्याला जे मिळेल ते संध्याकाळी दुसऱ्याला द्यायचं. यजमान शिकारीला जातो, त्याची बायको पाहुण्याच्या खोलीत येते. दोन दिवस गावेन तिची चुंबनं इमानाने यजमानाला पोचवतो. तिसऱ्या दिवशी ती एक हिरवा रेशमी पट्टा देते: हा कमरेला असला की मरण नाही. गावेन तो लपवतो आणि मग धर्मगुरूपुढे जाऊन पापांची कबुलीही देतो! संध्याकाळी, दोन्ही दिवस पहिला हिशेब यजमानाने मांडलेला असताना, आज गावेनच घाईघाईने पुढे होतो. तीन चुंबनं देऊन मोकळा. बदल्यात मिळतं एका कोल्ह्याचं घाणेरडं कातडं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते कवीने या घाईत पकडलंय.

हिरवा नाइट, म्हणजे तोच यजमान, दोनदा कुऱ्हाड उगारून थांबतो. तिसऱ्या खेपेला मानेवर फक्त ओरखडा. तो पट्ट्यासाठी. तुझा जीव तुला प्यारा होता, म्हणून दोष कमीच, असं तो समजुतीने सांगतो. गावेनला ही माफी झेपत नाही. तो भित्रेपणाला शिव्या घालतो आणि लगोलग आदम, सॅमसन यांना फसवणाऱ्या बायकांवर घसरतो. लाज वाटत असतानाही खापर दुसऱ्यावर फोडणारा हा नाइट मला गॅलहॅडपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आर्थरच्या दरबारी, कॅमेलॉटला, परतून तो पट्टा दाखवतो, लाजेने लाल होतो. राजा धीर देतो, दरबार हसतो, आणि सगळे जण तसाच हिरवा पट्टा मानाची खूण म्हणून घालायचं ठरवतात. त्या हसण्यानंतर गावेनच्या तोंडी कवीने एकही शब्द घातलेला नाही.