चौकटीच्या कडा

२०१८ मध्ये एका जर्मन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने लुडविग्सहाफेनवर ‘देशातलं सर्वांत कुरूप शहर’ असा शिक्का मारला. तेव्हापासून तिथले कलाकार हेल्मुट व्हान डर बुखहोल्ट्स लोकांना याच कुरूपतेची पायी सफर घडवतात. फ्रेम लावायला शिकणाऱ्यासाठी असं शहर म्हणजे पर्वणीच आहे. जवळच्या हायडेलबर्ग शहरातला किल्ला कुठूनही टिपला तरी चित्र बरं दिसतं, आणि त्यात शिकण्यासारखं फारसं उरत नाही. इथे मात्र काँक्रीटचे उड्डाणपूल, रुळांचं जाळं, सुमारे दहा चौरस किलोमीटरवर पसरलेला बीएएसएफ या रसायन कंपनीचा कारखाना आणि त्याच्या पाइपांची गुंतागुंत आहे. यातलं काहीच आपणहून रांगेत उभं राहत नाही. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ठरवावंच लागतं.

आज छायाचित्रणाचं तंत्र कधी नव्हे इतकं सोपं झालं आहे. उजेड आणि फोकस फोन सांभाळतो. रचनेचं शिक्षण मात्र बहुतेक ठिकाणी एका नियमावर येऊन थांबलं आहे: चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा आणि विषय रेषेवर ठेवा. हा नियम जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना मांडला. सुरुवातीला त्याचा आधार होतो, हे खरं. पण तो चौकटीच्या आतल्या जागा दाखवतो, कडांबद्दल काहीच सांगत नाही. आणि हौशी छायाचित्रं बहुतेक वेळा कडांपाशीच फसतात. कोपऱ्यात अर्धा कापलेला दिव्याचा खांब येतो, डाव्या बाजूला कुणाचा तरी नुसता कोपर दिसतो.

लुडविग्सहाफेनमधल्या बर्लिनर प्लाट्झ चौकाजवळच्या विल्हेल्म हॅक संग्रहालयाची दर्शनी भिंत कडांचा उत्तम धडा देते. चित्रकार जोआन मिरो यांच्या रचनेची ही भिंत ७,२०० सिरॅमिक फरशांची असून ५५ मीटर लांब आणि १० मीटर उंच आहे. फोन उभा धरून ती संपूर्ण बसवली, तर चौकटीच्या उंचीचा जेमतेम दहावा भाग व्यापते. उरलेलं सगळं आभाळ आणि फरसबंदी. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या ३:२ आडव्या चौकटीतही ती पाव भागाहून थोडीच जास्त जागा घेते. मग अनेक जण व्हिडिओ सुरू करून फोन डावीकडून उजवीकडे फिरवतात. भिंत पूर्ण येते, पण एकही चौकट ठरलेली नसते. दोनच रस्ते उरतात: एक आकार निवडून बाकीचे निर्धाराने सोडायचे, किंवा भिंतीपुढून चालणारा माणूस घेऊन तिचा आवाका दाखवायचा. संग्रहालयाच्या आत मालेविच आणि मोन्द्रियान या अमूर्त चित्रकारांची चित्रं आहेत. एखादी रेषा कडेला भिडते की आधीच थांबते, याने चित्राचा तोल कसा बदलतो, हे त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर कळतं. छायाचित्रणाच्या अनेक वर्गांत ते कळत नाही.

उभी चौकट वाईट असते असं मुळीच नाही. ऱ्हाइन नदीपलीकडच्या मानहाइमचे छायाचित्रकार होर्स्ट हामान यांनी पॅनोरमा कॅमेरा उभा धरून न्यूयॉर्क टिपलं आणि त्यातून ‘न्यूयॉर्क व्हर्टिकल’ हे गाजलेलं पुस्तक झालं. तिथे उभेपणा ही विषयाची गरज होती. आजच्या रीलमध्ये तो फोन धरण्याच्या सवयीतून येतो.

सोडून देण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे छायाचित्रकार आंद्रेयास गुर्स्की यांचं १९९९ मधलं ‘ऱ्हाइन २’. गवत, पाणी आणि आभाळ यांचे नुसते आडवे पट्टे. पलीकडच्या काठावरच्या इमारती त्यांनी संगणकावर पुसल्या, आणि २०११ मध्ये हे छायाचित्र ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकलं गेलं. गुर्स्कींना ते शोभतं. शिकणाऱ्याने पुसण्याआधी चार पावलं बाजूला सरकून पाहावं.

व्हिडिओत हा संयम मराठीत दिसला तो चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात. मृणाल देसाई यांचा कॅमेरा न्यायालयाच्या खोलीत दूर, स्थिर उभा असतो. सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, तरी चौकट हलत नाही. त्या अंधारात प्रेक्षक आपणहून पाहू लागतो. लग्नाच्या व्हिडिओत सतत तरंगणारा कॅमेरा ही संधीच देत नाही.

बघण्याची शिस्त मोठ्या पडद्यासमोर आणि मोठ्या प्रिंटसमोरच लागते. लुडविग्सहाफेनच्या पार्क बेटावर २००५ पासून जर्मन चित्रपटांचा महोत्सव भरतो. मानहाइम, हायडेलबर्ग आणि लुडविग्सहाफेन मिळून समकालीन छायाचित्रणाची द्वैवार्षिकी भरवत आले आहेत. तिची २०२४ची आवृत्ती मात्र क्युरेटर शाहिदुल आलम यांच्या समाजमाध्यमांवरील मजकुराच्या वादातून रद्द झाली. वादाची बाजू कुठलीही घ्या, तीन शहरांतल्या शिकणाऱ्यांचं नुकसान झालंच.

कामानिमित्त बीएएसएफमध्ये येणाऱ्या मराठी मंडळींनी एक शनिवार या शहराला द्यावा. लुडविग्सहाफेन मिटे स्थानकावर उतरून मिरोच्या भिंतीपर्यंत चालत जावं, आणि बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे एकदा नीट पाहावेत.