धारेमागची जाडी

खिशातल्या चाकूचा शौक असलेल्या माणसाला कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी आणि सांगावे, तुझ्या मनातला चाकू काढून दाखव. तो आधी पाते काढतो: आठेक सेंटिमीटर लांब, पाठीकडून टोकाकडे अलगद उतरणारे. मग टायटेनियमची मूठ आणि तिच्यावर खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप. मग उघडलेले पाते अडवून धरणारा लॉक, एका हाताने सोडता येईल असा. वजन शंभर ग्रॅमच्या आत. शेवटी कोपऱ्यात पोलादाचे नाव, आणि हल्ली ते बहुधा मॅग्नाकट असते. दुसऱ्या शौकिनाचा कागद पाहावा, तर तिथेही थोड्याफार फरकाने हाच चाकू.

या कागदांवर सहसा एक आकडा नसतो. धार जिथे संपते तिथे, तिच्या लगेच मागे, पाते किती जाड आहे हा तो आकडा. सफरचंद चिरताना फोड सरळ निघते की मध्येच तडकते, हे त्याच्यावर ठरते. घडीच्या चाकूची कला आज जेवढी पुढे आली आहे तेवढी ती कधीच नव्हती. तरी तिच्या स्वप्नातून नेमके कापणेच कसे निसटले, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावतो आहे.

त्याचे मूळ एका जुन्या भीतीत आहे. घडीचा चाकू रोमन काळापासून माणसाजवळ आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात पाते, चमचा, काटा आणि टोचा एकाच मुठीत मिटणारे रोमन हत्यार जपलेले आहे. पण काम करताना पाते बोटांवर मिटेल, ही धास्तीही तेवढीच जुनी. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकूंत पाठीतली पोलादी कमान पात्याला दाबून धरी, एवढेच. उलटा जोर पडला की पाते मिटे. १९६४ साली अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० क्रमांकाचा चाकू आला. त्याच्या पाठीतल्या दांडीचा दात पात्याच्या खाचेत घट्ट बसे, आणि शिकाऱ्याला म्यानातल्या अखंड चाकूचा भरवसा घडीच्या चाकूत मिळाला. पितळी टोप्यांमुळे तो दोनशे ग्रॅमचा झाला होता, त्यामुळे तो खिशात न मावता पट्ट्यावर लटकला. पण त्याने मागणी बदलली. त्यानंतर चाकू पारखणारा माणूस पहिल्यांदा लॉक पाहू लागला.

पुढची चाळीस वर्षे याच लॉकच्या प्रश्नाची आहेत, आणि त्यांत खरोखर मोठी बुद्धी खर्ची पडली. १९८१ साली सॅल ग्लेसर यांच्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ हा चाकू आणला. त्याच्या पात्याला गोल भोक होते आणि मुठीला क्लिप होती. भोकात अंगठा घालून पाते एका हाताने उघडायचे, आणि चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांत न हरवता काठाशी उभा राहायचा. दोन साध्या गोष्टी, पण आज त्या वगळून कुणाला चाकू कल्पिताच येत नाही. त्याच सुमारास मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतल्या पत्र्याची जीभ पात्याच्या बुडाखाली सरकवणारा जुना लॉक नव्याने घडवला. त्यांनी जीभ अशी वाकवली की झीज होईल तशी ती स्वतःच आणखी आत सरकेल.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांचे काम. त्यांच्या ‘सेबेन्झा’ चाकूचे नाव झुलू भाषेतल्या ‘काम’ या अर्थाच्या शब्दावरून आले. त्यांनी वेगळी जीभ बसवलीच नाही. टायटेनियमच्या मुठीची एक बाजू चिरून तीच लॉक म्हणून वापरली. आपण मूठ जितकी घट्ट आवळतो तितका लॉक घट्ट होतो, कारण बोटे त्याच पट्टीवर असतात. एक सुटा भाग कमी झाला आणि चाकू आणखी भक्कम झाला. कल्पनेचा असा खरा क्षण कोणत्याही कारागिरीत विरळा. बेंचमेड कंपनीचा १९९८ चा ‘ॲक्सिस’ लॉक, ज्यात एक आडवी पोलादी कांडी पात्याच्या बुडावर येऊन बसते, तो डावखुऱ्यालाही सारखाच चालतो. त्याचे पेटंट सरल्यावर तसे लॉक अनेकांनी केले, आणि आज मध्यम किमतीच्या चाकूतही लॉक सहसा दगा देत नाही.

म्हणजे प्रश्न सुटला. पण तो सुटल्यावरही शौकिनांचे मन त्याच्याचभोवती फिरत राहिले. आता लॉकचा आवाज कसा येतो, बोटाच्या टिचकीने पाते किती झटकन बाहेर पडते, बिजागरीत बॉल बेअरिंग आहेत की ब्राँझच्या चकत्या, यांवर पारख होते. या सुखाला मी कमी लेखत नाही. नीट बसवलेली बिजागरी हाताला जे समाधान देते ते खरेच असते. पण बेअरिंगमध्ये खिशातला धागा आणि धूळ अडकते, चकत्यांत ती त्रास देत नाही. शेतात, बोटीवर, सुतारकामात ज्याला चाकू लागतो त्याने चकत्याच मागाव्यात. चाकू दिवसातून शंभरदा उघडण्याचे सुख आणि एकदा नीट कापण्याची गरज यांत कारखान्यांनी पहिली बाजू निवडली, कारण दुकानात हातात घेऊन तीच जाणवते.

पोलादाची कहाणी आणखी विलक्षण आहे. चाकूच्या पोलादाकडून तीन गोष्टी हव्या असतात: धार टिकावी, तुकडा उडू नये, गंज चढू नये. या तिघींचे आपसात पटत नाही. गंज रोखायला क्रोमियम घालावे, तर त्याचे कार्बनशी मिळून मोठे, ठिसूळ कण होतात आणि धारेचे बारीक तुकडे उडतात. साधे कार्बन पोलाद चिवट आणि धारेला गोड, पण लिंबू कापून पुसायचे राहिले तर काळे पडते. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर वायूचा झोत सोडून त्याची भुकटी करायची आणि ती उष्णता व दाबाखाली पुन्हा एकसंध करायची, या पद्धतीने ते कण फार लहान झाले. मॅग्नाकट याच वाटेवरचे पुढचे पाऊल. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने २०२१ मध्ये समोर आणलेल्या या मिश्रणात क्रोमियमचे ते कण उरतच नाहीत. क्रोमियम पोलादात विरघळून राहते आणि गंज रोखते, तर झीज रोखायचे काम व्हॅनेडियम आणि नायोबियमचे सूक्ष्म, कठीण कण करतात. चिवटपणा आणि गंजरोधकता एका पात्यात इतक्या मैत्रीने क्वचितच नांदली असेल. ते बनवणारी क्रुसिबल ही कंपनी २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. सगळ्या कागदांच्या कोपऱ्यातले ते नाव एका कारखान्याच्या आधाराने उभे होते, हे तेव्हा कळले.

माझी खरी तक्रार इथे सुरू होते. पोलाद चिवट झाले तर धार अधिक बारीक कोनात घासता येते, पाते पातळ करता येते. त्या शास्त्राचे हेच तर फळ. खुद्द थॉमस यांच्या चाचण्यांतून दिसते की धारेचा कोन कमी केला की पाते कितीतरी जास्त वेळ कापत राहते, आणि हा फरक पुष्कळदा पोलाद बदलल्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. तरीही नवे पोलाद जुन्याच तीन मिलिमीटर जाडीच्या पात्यांत भरले जाते आणि धारेमागे रुंद खांदा ठेवला जातो. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. लोक चाकूने डबा उचकटतात, स्क्रू फिरवतात, आणि धार तुटली की बदलून मागतात. कारखाना त्या माणसाला धरून पाते बनवतो. मग सफरचंद चिरणाऱ्याच्या हाती पाचर येते.

कोकणात आंब्याची कलमे बांधताना हे मला प्रथम उमगले. कोय कलमात रोपाचा कोवळा दांडा छाटून मध्ये चीर देतात आणि चांगल्या जातीच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तिरका छेद देऊन ती चिरेत बसवतात. तो छेद एका ओढीत, आरशासारखा सपाट यावा लागतो. जरा लाट राहिली की सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडत नाहीत आणि कलम सुकते. त्यासाठीचा घडीचा चाकू एकाच बाजूने घासलेला, पातळ, कमानीच्या साध्या दाबावर उभा राहणारा असतो. कलमे बांधणारा माणूस पोलादाचे नाव सांगणार नाही, पण निसण्यावर पाते किती वेळ फिरवायचे हे त्याला नेमके ठाऊक असते. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटले की सिनेमातला रामपुरी डोळ्यांपुढे येतो आणि हा कामाचा चाकू कुणाला आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

पातळ पाते जपले ते जुन्या, स्वस्त चाकूंनी. फ्रान्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला चाकू आजही जवळपास तसाच मिळतो: बीच लाकडाची गोल मूठ, आठ क्रमांकाला साडेआठ सेंटिमीटरचे पाते, आणि १९५५ पासून पाते अडवणारे फिरते कडे. पाते जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड आणि धारेपर्यंत निमुळते होत गेलेले. आंब्याची फोड ते अशी काढते की कित्येक पटींनी महाग चाकू बाजूला ठेवावा. त्याचे दोषही खरे आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते अडकते. मग सावोआतल्या लोकांसारखी मुठीची शेपटी टेबलावर आपटून ते सैल करावे लागते. उघडायला दोन हात लागतात. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी याहून साधा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, लॉक नाही, कमान नाही, पात्याच्या बुडाची छोटी दांडी अंगठ्याने दाबून धरायची. एकेकाळी तिथल्या शाळकरी मुलांच्या खिशात तो पेन्सिल तासायला असे. १९६० नंतर मुलांच्या हातातून चाकू काढून घेण्याची लाट आली आणि आता तो चाकू एकच घराणे बनवते. स्विस ऑफिसर चाकूबद्दल थोडक्यातच: १८९७ पासूनचा त्याचा थोरपणा अवजारांच्या जुळणीत आहे, तरी त्याचे मऊसर पोलादाचे पातळ पाते भाकरीपासून दोरीपर्यंत सारे निमूट कापते.

आता कायदाही रेखाटणीत उतरला आहे. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायचा तर चाकू घडीचा, लॉक नसलेला आणि तीन इंचांच्या आतल्या पात्याचा हवा. एका हाताने उघडणारा लॉकचा चाकू सार्वजनिक जागी नेण्यावर जर्मनीने २००८ मध्ये बंधन आणले. जपानात लॉकच्या चाकूचे पाते सहा सेंटिमीटरच्या वर गेले की कारण सांगावे लागते. शौकीन या बंधनांवर चिडतात, आणि ज्याला कामासाठी चाकू लागतो त्याची अडचण खरी आहे. पण या बंधनांमुळे चांगले कारागीर पुन्हा कमानीच्या चाकूकडे वळले. लॉक नसला की माणूस पाते उचकटायला वापरत नाही, आणि कारागिराला ते पातळ करायचे धाडस होते.

माझ्या कागदावर म्हणून वेगळा चाकू आहे. पाते साडेसात सेंटिमीटर, पाठीशी दोन मिलिमीटर, धारेमागे पाव मिलिमीटरहून कमी, दोन्ही अंगांनी पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरलेले. पोलाद मॅग्नाकटच, कारण इतक्या पातळ धारेला त्याचाच चिवटपणा हवा. बिजागरीत ब्राँझच्या चकत्या, आणि एका साध्या स्क्रूवर सारा चाकू सुटा व्हावा, म्हणजे आमरस शिरला तरी धुता येईल. लॉक नको, दमदार कमान हवी. मुठीला बाभळीचे लाकूड लावावे असे फार वाटते, पण फुगलेल्या ओपिनेलचा अनुभव आहे. म्हणून आत पोलादी पत्रा आणि लाकूड फक्त वरून. ही रेखाटणी घेऊन मी एका कारागिराकडे गेलो होतो. त्याने धारेमागचा आकडा दोनदा वाचला आणि विचारले, याने डबा उघडणार नाही ना?